तीस रुपयांचा मोदक

पहाटे ४.१५. वेळासला मागच्या पडवीतला दिवा लागतो. काकू आधी चुलीतली राख काढून पत्र्याच्या डब्यात भरतात. ती भांड्यांना. मग दोन सोडणं, वर चुडताचे तुकडे, एक काडी. चूल लगेच धरते. मोठ्या टोपात पाणी चढतं, वैलावर चहाचं भांडं. हा पहिला चहा घरच्यांचा. आलं ठेचून केलेला. दिवसभरात बसून प्यायचा चहा एवढाच.

घरात बावीस पाहुणे झोपलेत. माडीवर अकरा, ओटीलगतच्या दोन खोल्यांत अकरा. मुंबई, डोंबिवली, पुणे. मार्चमधला रविवार आहे. मंडणगड तालुक्याच्या या समुद्राकडच्या टोकाला माणसं येतात ती कासवं बघायला. राहतात आणि जेवतात ती गावातल्या घरांतून. काकूंच्या दारात पाटी आहे: चहा, घावन, जेवण, उकडीचे मोदक. मोदक आधी सांगावे.

पहाटे ४.४५. "नारळ आधी," काकू म्हणतात. "बाकी सगळं नंतर."

आज १२० मोदक सांगितलेत. म्हणजे अकरा नारळ. कोयत्याच्या पाठीनं एकेक फोडायचा. पाणी पातेल्यात, वाट्या परातीत. एका विळीवर काकू, दुसरीवर धाकट्या जाऊबाई. विळीच्या टोकाला खोवणी. पांढरं तेवढंच मोदकाला घ्यायचं. करवंटीजवळचा तपकिरी थर आला की सारण काळपट दिसतं, म्हणून शेवटी शेवटी हात हलका होतो. तो थर नंतर खरवडून वेगळ्या ताटलीत, चटणीला. करवंट्या चुलीला. पाणी घरातल्या पोरांना. काकूंच्या उजव्या तळहाताला खोवणीचा घट्टा पडलाय. वय ५८. खोवायला लागल्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या.

अकरातले चार नारळ घरचे. सात मंडणगडच्या बाजारातले, पस्तीस रुपयांना एक. ज्या घराच्या मागे आगर आहे त्या घरात नारळ विकत येतो, हे काकूंना अजून अंगवळणी पडलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं. बाणकोटच्या खाडीच्या या काठाला मंडणगड आणि दापोलीच्या वाड्या आडव्या झाल्या. काकूंच्या आगरात चाळीस माड होते, पोफळी दोनशेच्या वर. वारा थांबल्यावर नऊ माड उभे होते. पोफळी मोजायला कोणी गेलंच नाही. एकमेकींत अडकून पडल्या होत्या, मधून वाट नव्हती. माडीचे पत्रे दुसऱ्याच्या विहिरीपाशी सापडले.

माड लावला की नारळ हाती यायला सहा-सात वर्षं जातात. त्या वादळानंतर लावलेली रोपं वळचणीच्या वर गेलीत. अजून पोय आलेली नाही. तोवर नऊ माडांवर भागवायचं. पाडेली एका माडाला शंभर रुपये घेतो आणि बोलावलं की चार दिवसांनी येतो. त्याचंही खरं आहे. चढणारे आता गावोगावी एखाद-दुसरेच उरलेत आणि गुडघे त्यांचेही दुखतात.

"घरचा नारळ फुकटचा, असं म्हणतात माणसं," काकू खोवता खोवता सांगतात. "मी त्यालाही पस्तीसच धरते. शिपणं कोणी केलं त्याचं?"

पहाटे ५.३०. सारण. कढई पितळेची, कल्हई केलेली. पावणेदोन किलो गूळ चिरून ठेवलाय. खोबऱ्याला गूळ पूर्वीपेक्षा कमी घालतात. मुंबईची माणसं हल्ली गोड कमी मागतात. वेलची कुटलेली, जायफळ किसून. खसखस बंद केली आहे, परवडत नाही. उलथनं सतत चालू. गूळ वितळून खोबरं ओलसर चमकायला लागलं की लगेच उतरायचं. जास्त शिजलं तर सारण कडक होतं. कमी शिजलं तर पाणी सुटतं आणि मोदक वाफेत फुटतो. काकू चव घेऊन बघत नाहीत. नैवेद्याची सवय. आवाज ऐकतात. कढईतला फसफस आवाज बदलून कोरडा झाला की गॅस बंद. कढई परातीत उपडी, वर जाळी, आणि परात फडताळावर. मांजर आहे घरात.

सकाळी ६.१५. पाहुणे उठले. बावीस कप चहा, त्यातले चार बिनसाखरेचे. दूध दोन लिटर, गावातल्याच गोठ्यातलं. दात घासायला गरम पाणी हवं, एका बाळाला पेज हवी, एकाला चार्जर लावायला जागा हवी. पाव तास कोणाचे हात रिकामे नाहीत. साडेसहाला पुतण्या ओटीखालून हाक मारतो, "चला, निघा. पिल्लं थांबत नाहीत." सगळे किनाऱ्याकडे जातात. घर एकदम मोठं वाटतं.

पुतण्या कासवमित्र आहे. नोव्हेंबरपासून रात्री-पहाटे किनारा चालतो. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. मागे उरतो तो वाळूतला माग. तो बघून घरटं शोधायचं, अंडी उचलून कुंपणातल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. कुंपणात घरट्यांवर टोपल्या उपड्या घातलेल्या असतात. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघायचं. पूर्वी ही अंडी कुत्री-कोल्हे खायचे आणि माणसंही न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये इथे राखण सुरू केली. गाव त्यात उतरलं. मग बघायला माणसं यायला लागली, आणि माणसं आली म्हणून या स्वयंपाकघराला फेब्रुवारी ते एप्रिल काम आलं. तेव्हापासून इथलं घड्याळ टोपल्यांवर चालतं. त्या उचलायच्या वेळेच्या आधी चहा, नंतर न्याहारी.

सकाळी ७.००. मावशी आल्या. वरच्या वाडीतून, पाखाडी उतरून, बरोबर त्यांची सून. दोघींची मजुरी दिवसाला चारशे-चारशे, दोन वेळचं जेवण आणि चहा. "काजू वेचायला गेलं तर तीनशे," मावशी सांगतात. "पन तिथं ऊन असतं, हितं जाळ." सून हसते. तिच्याकडे ओले काजू. घरून पिशवी भरून आणलेत, शेकडा दोनशेनं काकू घेतात. उसळीला लागणार. काजू चिरताना चीक उडतो आणि कातडी जळते, म्हणून तिनं बोटांना खोबरेल चोळलंय. तरी डाव्या अंगठ्याचं साल निघालेलं दिसतं. मार्चभर असंच राहतं, म्हणते.

सकाळी ७.४०. पाहुणे परतले. आज काहीच निघालं नाही. टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू. एक लहान मुलगा रडवेला झालाय. काकू त्याला चुलीजवळ बोलावतात. "इकडे ये. हे बघ कसं निघतं ते."

बिडाचा तवा. काकूंच्या सासूबाईंचा. हा तवा साबणानं घासत नाहीत, त्याच्यावर पोळी भाजत नाहीत, कोणाला उसना देत नाहीत. अर्धा कांदा काट्याला टोचलेला, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी. बास. पीठ ताकासारखं पातळ. वाटीनं कडेकडेनं ओतत आत यायचं. चर्रर्र आवाज येतो आणि जाळी पडते. वर झाकण. मनातल्या मनात वीस आकडे. कडा सुटल्या की काविलथा घालून उलटा. दुसरी बाजू नुसती दाखवायची. घावन मऊ, पांढरा, जाळीदार, चारी बाजूंनी सुटलेला. मुलगा रडायचं विसरतो आणि पहिला घावन त्यालाच मिळतो.

मी मोजत बसते. दोन तवे, एका घावनाला दीड मिनिट. बावीस माणसं, माणशी तीन-चार. तासाभराचं काम, पण सव्वा तास चालतं, कारण मुंबईची माणसं इथे आल्यावर पाच खातात. सोबत खोबऱ्याची चटणी, आणि हवा असेल तर नारळाचं दूध गूळ घालून. काकू सव्वा तास उकिडव्या. पाय बदलतात, उठत नाहीत. चुलीशी बसायचा पाट आहे, पण त्यावरून हात तव्यावर पोचत नाही.

सकाळी ९.१५. भांडी. सून आणि जाऊबाई विहिरीपाशी. मावशी कुयरी चिरतात. फणसाच्या कोवळ्या कुयरीचा चीक विळीला धरतो, म्हणून विळीला तेल. वालाचं बिरडं सोललेलं आहे, रात्रीच बसून सोललं. काकू दहा मिनिटं आडव्या होतात, माजघरात, जमिनीवर, डोळे उघडे ठेवून. पुढचं सगळं डोक्यात लावून घेतायत, हे चेहऱ्यावर दिसतं.

सकाळी ९.५०. उकड.

ही आजची खरी परीक्षा. पण ती सुरू झाली गुरुवारी. आंबेमोहोर तांदूळ धुऊन, पडवीत सुती पातळावर सावलीत वाळवले. उन्हात वाळवले तर पीठ रवाळ येतं, चिकटा राहत नाही. शनिवारी गिरणीत नेले. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर मोदकाचं पीठ वाया, म्हणून तांदळावर तांदूळ दळून घ्यायचे. त्यासाठी काकू अर्धा तास ओळीत थांबल्या. नव्वद रुपये किलोचे तांदूळ, दळणाचे किलोला दहा. आल्यावर पीठ वस्त्रगाळ केलं. तांदळाला आणि गुळाला मंडणगडला जायचं कामही काकूच करतात. पूर्वी काका जायचे. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून काकू जातात. "तेवढ्यात एक नारळ सुटतो," म्हणतात.

एका वेळेला चाळीस मोदकांचीच उकड. तीन घाणे. सगळी एकदम केली तर शेवटची गार होते आणि गार उकडीला पारी येत नाही. पाच भांडी पाणी, चवीला मीठ, मोठा चमचा लोणी. पाणी खळखळलं की गॅस बारीक. पाच भांडी पीठ एका हातानं, दुसऱ्या हातात उलथन्याचा दांडा. पीठ पडतं तसं ढवळायचं, पण फार नाही. झाकण. दोन वाफा. झाकण काढलं की वाफ तोंडावर येते, चष्मा असेल तर काही दिसत नाही. काकू चष्मा कपाळावर ढकलतात.

मग परातीत ओतायची आणि मळायची. गरम असतानाच. हे वाक्य पाककृतीच्या पुस्तकांत सहज लिहिलेलं असतं. इथे परातीसमोर बसलं की त्याचा अर्थ कळतो. उकड इतकी गरम असते की मी बोट लावून लगेच मागे घेते. काकू आधी पेल्याच्या बुडानं दाबून घेतात, मग गार पाण्यात हात बुडवून तळव्यानं. दाब, ओढ, दुमड. पुन्हा पाणी. तळवे लाल होतात. दहा मिनिटं. गोळी करून बघतात. कडेला चीर दिसली, अजून मळायची. चीर नाही, झाली. मावशी शेजारी ओलं फडकं घेऊन तयार. मळलेली उकड फडक्याखाली, आणि तिघी गोल बसतात.

सकाळी १०.२०. पारी. लिंबाएवढी गोळी, अंगठे मध्ये, बाकीची बोटं बाहेर. गोळी फिरत राहते आणि वाटी होत जाते. कडा पातळ, तळ थोडा जाड, कारण सारणाचं वजन तळावर येतं. मग चिमटीनं कळ्या पाडायच्या. काकू कळ्या मोजत नाहीत. मी मोजते: पंधरा, सतरा, पंधरा. जाऊबाईंच्या अकरा, पण नाक सुरेख. सुनेच्या एकवीस. बोटं लांब आहेत तिची, आणि तिला आवडतं. सारण चमचाभर, कळ्या एकत्र आणून वर नाक. वरचं जास्तीचं पीठ चिमटून पुन्हा फडक्याखाली.

दीड मिनिटाला एक. तिघींचे मिळून मिनिटाला दोन. बोलणं चालू असतं, हात थांबत नाहीत. सुनेच्या मुलाला मंडणगडला कॉलेजात घालायचंय, एसटीचा पास, तिथं खोली घ्यावी का. मावशींच्या मते नको. काकूंच्या मते पहिलं वर्ष घ्यावी, पावसात बस चुकते. यावर चाळीस मोदक होतात.

"वयनी, उकड गार व्हतेय," मावशी म्हणतात. दुसरा घाणा चढतो.

सकाळी ११.१०. वाफ. दोन टोप, आत जाळी, जाळीवर केळीचं पान. हळदीचं पान पावसाळ्यात, आत्ता नाही. एकेक मोदक पाण्यात बुडवून पानावर. न बुडवता ठेवला तर वरून कोरडा होऊन तडकतो. एका टोपात वीस. बारा मिनिटं. उघडल्यावर रंग बदललेला असतो. दुधासारखी पांढरी उकड आता किंचित पारदर्शक, आतला गूळ सावलीसारखा दिसणारा. हात लावून बघायचं, चिकटला नाही म्हणजे झाला. तीन मोदक फुटले. ते बाजूला, वाटीत. काकू फुटलेला मोदक पाहुण्याला देत नाहीत, मागितला तरी.

दुपारी १२.३०. पंगत. बावीस घरचे पाहुणे आणि बारा बाहेरचे. बाहेरचे बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीनं वेसवीला उतरून आले. ताट दोनशे ऐंशी. त्यात भात, वरण, कुयरीची भाजी, काजूची उसळ, बिरडं, सोलकढी, पोह्याचा पापड, आणि दोन मोदक. जास्त हवे तर नगाला तीस. मोदक फोडून मध्ये तूप घालायचं काम काकू कोणाला देत नाहीत. स्वतः वाटी घेऊन फिरतात. कोण तूप घेतं, कोण पानावर हात आडवा धरतो, ते त्यांच्या लक्षात राहतं. संध्याकाळी त्या माणसाच्या भाकरीवर तूप पडत नाही.

एक पाहुणा फोनवर हिशेब करून म्हणतो, मुंबईत हाच मोदक पन्नासला मिळतो. काकू म्हणतात, "मिळत असेल." आणि पुढच्या पानाकडे जातात.

दुपारी २.४५. चौघी जेवायला बसतात. भाजी संपलीय. वरण-भात, आमसुलाचं सार, आणि निवगऱ्या. उरलेल्या उकडीत मीठ, जिरं, वाटलेली मिरची घालून थापलेल्या चपट्या वड्या, मोदकांच्या शेवटच्या घाण्याबरोबर वाफवलेल्या. कच्चं तेल घालून खायच्या. मला वाटतं आजच्या सगळ्या पदार्थांत हा सगळ्यात चांगला आहे, आणि तो पाटीवर नाही. फुटलेले तीन मोदक चौघींत वाटले जातात. काकू अर्धा खातात. दिवसभरातला त्यांचा पहिला घास गोडाचा.

दुपारी ३.३०. पाहुणे बाणकोटचा किल्ला बघायला गेलेत. पुण्याचे एक आजी-आजोबा ओटीवर मागे राहिले. मुलगा ग्लासगोला आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यानं त्यांना एका खेड्यातल्या चहाच्या दुकानात नेलं होतं. दोन बायका चालवत होत्या, म्हणतात. काकू जमिनीवर बसून सुपाऱ्या फोडतायत. आजी सांगतात, तिथेही असाच एक उकडलेला गोळा होता. कणीक, चरबी, मनुका, साखर, मसाले. सगळं फडक्यात बांधून तासन् तास पाण्यात उकळतात. डंपलिंग म्हणतात.

काकूंचा अडकित्ता थांबतो. "फडक्याला चिकटत नाही?"

आजींनी तिथे विचारून घेतलं होतं. फडकं उकळत्या पाण्यात बुडवून पिळायचं, त्यावर कोरडं पीठ भुरभुरायचं. त्याचीच साल धरते.

"म्हणजे आपलं केळीचं पान," काकू म्हणतात. "आणि किती वेळ?"

"तीन-चार तास."

"तीन तास गॅस!" काकूंना ते फार वाटतं. मग स्कोनची गोष्ट निघते. मैद्याची जाड, गोल पोळी, पूर्वी सपाट लोखंडी तव्यावर भाजायचे, चार तुकडे करून लोण्याबरोबर. काकू विचारतात, तवा कसला? बिडाचाच, आजी म्हणतात. काकू मान हलवतात. हे त्यांना पटलंय.

पाहुणे ज्या बाणकोटला गेलेत तिथे स्कॉटलंडची माणसं दोनशे वर्षांपूर्वी येऊन राहिली होती. इंग्रजांनी बाणकोटला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला मिशनरी, डोनाल्ड मिचेल, या किनाऱ्यावर उतरला आणि त्याच वर्षी वारला. मागून आणखी काही आले. बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्यातल्या जॉन स्टीव्हन्सननं पुढे मराठीचं व्याकरण लिहिलं. घरापासून इतक्या लांब आलेल्या त्या माणसांसाठी इथल्या कुठल्या तरी चुलीवर कोणी तरी रोज काही तरी रांधलं असणार. त्या रांधणाऱ्या हातांबद्दल मला त्या मिशनऱ्यांपेक्षा जास्त वाटतं. काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दूध कुठून आणायचे ते?" आणि अडकित्ता पुन्हा चालू.

संध्याकाळी ५.००. चहा. पोहे. पंचवीस मोदकांचं पार्सल बांधायचंय, डोंबिवलीला जाणारं. प्लास्टिकच्या डब्यात वाफ धरून मोदक ओले होतात, म्हणून केळीच्या पानात पाच-पाच, वर वर्तमानपत्र, सुतळी. काकू पार्सल घेणाऱ्याला दोनदा सांगतात: रात्री पोचल्यावर पुन्हा वाफ द्या, मायक्रोवेव्हमध्ये नको. फ्रिजमध्ये तर नकोच. त्यानं मान डोलावली, तरी तिसऱ्यांदा सांगतात.

संध्याकाळी ६.२०. किनाऱ्यावरून फोन. निघाली! एका टोपलीखाली. जाऊबाई हात पुसत पुसत धावतात. इतक्या वर्षांत त्या दर वेळी धावतात. मीही मागे. वाळूवर दोन्ही बाजूंना दोरी, दोरीमागे शंभरेक माणसं. मध्ये काळी, अर्ध्या तळहाताएवढी पिल्लं पाण्याकडे सरकतायत. सकाळचा मुलगा पहिल्या ओळीत, आईनं शर्ट मागून धरलेला. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत कोणी हलत नाही.

काकू आल्या नाहीत. पिल्लं निघाली म्हणजे जेवण अर्धा तास उशिरा, म्हणजे भाकऱ्या अर्धा तास उशिरा टाकायच्या, नाही तर कडक होतात. त्यांनी पीठ तेवढं पुढे ढकललं.

रात्री ८.३०. तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, लसणाची चटणी, भात, कढी. मुलगा पिल्लांची चाल करून दाखवतो. भाकऱ्या मावशी टाकतात, दोन्ही हातांवर फिरवून, पोळपाटाशिवाय. छप्पन्न झाल्या. नवाला मावशी आणि सून डबा घेऊन निघतात. आठशे रुपये काकू देतात ते मोजून, हातात, रोजच्या रोज. आठवड्याचे एकदम देत नाहीत. "त्यांना रोज लागतात," म्हणतात.

रात्री ९.३०. वही. मोदकांचा हिशेब काकू वेगळा ठेवतात, दिवसाच्या जमाखर्चात मिसळत नाहीत. मी शेजारी बसून बघते.

नारळ अकरा, ३८५. तांदूळ आणि दळण, २५०. गूळ, १२०. वेलची-जायफळ, ४०. तूप अर्धा किलो, ३५०. गॅस अंदाजानं, १२०. मजुरी, दोघींचा अर्धा दिवस, ४००. एकूण १,६६५.

जमा: ताटांत गेलेले अडुसष्ट, ते पंचवीसनं धरतात, १,७००. वरचे आणि पार्सलचे बावन्न, तीसनं, १,५६०. एकूण ३,२६०.

उरले १,५९५. दोन जावांत वाटून आठशेला अडीच रुपये कमी. फुटलेले तीन ऐनवेळी जादा उकडीतून भरून काढले, म्हणून आकडा १२० चा १२० राहिला. पिठाच्या नोंदीपुढे त्या जादा मुठीची बारीक खूण आहे. खोवणं, सारण, उकड, पारी, वाफ, वाढणं, बांधणं यांचे तास वहीत कुठे लिहिलेले नाहीत. गुरुवारी तांदळांवर बसलेल्या चिमण्या हाकलल्या, तेही नाही.

पैशांतून काय करायचं ते ठरलंय. मे महिन्यात दहा माडांची रोपं आणायची आहेत. या वेळी बुटक्या जातीची, लवकर धरणारी. काकांना उंच बाणवलीच हवीय. तो वाद पावसापर्यंत चालेल.

रात्री ९.५०. फोन वाजतो. ठाण्याहून. पुढच्या शनिवारी पंधरा माणसं येतील, मोदक मिळतील का? पन्नास.

"मिळतील की. पण गुरुवारी दुपारच्या आत नक्की सांगा. तांदूळ धुवायचे असतात."

पलीकडून काही तरी विचारणं होतं. काकू वही मिटून पेन त्यात ठेवतात.

"नाही हो, पंचवीसनं नाही जमणार. तीस. तूप त्यातच आलं."